मुलींची ज्युनियर दुहेरी: जोडी जमवण्यापासून सुपर टायब्रेकपर्यंत

ज्युनियर स्पर्धांत दुहेरीच्या जोड्या कशा जमतात, हे रेफरीच्या टेबलाजवळ थोडा वेळ उभं राहिलं की कळतं. साइन-इन बंद होत आलेलं असतं. एखादी आई किंवा कोच यादीवरून नजर फिरवतात आणि समोर दिसेल त्या मुलीला विचारतात, "तुझी पार्टनर ठरली आहे का गं?" दोन नावं लिहिली जातात. त्या दोघी एकमेकींबरोबर पहिल्यांदा खेळतात ते थेट सामन्याच्या वॉर्म-अपमध्ये. हरल्या तर "जाऊ दे, डबल्सच तर होती" म्हणून विषय संपतो.

ज्यांना याहून बरं काही करायचं आहे अशा पालकांसाठी, कोचसाठी आणि थोड्या मोठ्या मुलींसाठी हा लेख आहे. या वयात दुहेरीचा निकाल फटक्यांच्या ताकदीपेक्षा दोघींनी आधी काय ठरवलंय त्यावर जास्त लागतो, असं माझं ठाम मत आहे. कोण कोणत्या बाजूला उभी राहणार, मधला चेंडू कुणाचा, पहिली सर्व्हिस कुणाची, डोक्यावरून लॉब गेला तर धावायचं कुणी. ज्या जोडीने हे ठरवलेलं असतं ती एकेरीत तिच्याहून सरस असलेल्या दोन मुलींना बऱ्याचदा हरवते.

दुहेरीमुळे एकेरी बिघडते, ही भीती घरोघरी ऐकू येते. पण ही उदाहरणं पाहा. बार्बोरा क्रेचिकोव्हा आणि कातेरिना सिनियाकोव्हा या चेक जोडीने २०१३ मध्ये फ्रेंच ओपन, विम्बल्डन आणि यूएस ओपन या तिन्ही ठिकाणी मुलींची दुहेरी जिंकली. पुढे २०१८ मध्ये याच दोघी फ्रेंच ओपन आणि विम्बल्डनच्या महिला दुहेरीत विजेत्या ठरल्या, टोकियो ऑलिम्पिकचं सुवर्णही त्यांचंच. आणि क्रेचिकोव्हाने २०२१ ची फ्रेंच ओपन व २०२४ चं विम्बल्डन एकेरीतही जिंकलं. सानिया मिर्झाचं पहिलं विम्बल्डन विजेतेपद २००३ मधलं, अलिसा क्लेबानोव्हाबरोबर मुलींच्या दुहेरीत मिळवलेलं. महिला दुहेरीचं विम्बल्डन तिने मार्टिना हिंगिसच्या साथीने जिंकलं ते २०१५ मध्ये.

१. आधी स्पर्धेचं माहितीपत्रक नीट वाचा

हे काम कंटाळवाणं आहे, पण निम्मे घोळ इथेच होतात. वयोगटाची अट जन्मवर्षावर आहे की विशिष्ट तारखेवर, ते पाहा. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या ज्युनियर स्पर्धा १३ ते १८ वर्षांच्या खेळाडूंसाठी असतात. त्याखालच्या गटांचे नियम प्रत्येक संघटनेचे वेगळे. दुहेरीची नावं आधी ऑनलाइन द्यायची की मैदानावर सही करून, सहीला दोघींनी हजर राहायचं की एकीने चालेल, वेळ कोणती, हे कागदावर उतरवून घ्या. दोन वेगळ्या गटांतून खेळायची परवानगी आहे का, हेही.

मग स्कोअरिंग. आयटीएफच्या ज्युनियर स्पर्धांत दुहेरीला साधारणपणे नो-ॲड पद्धत (४०-४० झालं की पुढचा एकच गुण गेम ठरवतो) असते आणि एकेक सेट झाला की तिसऱ्या सेटऐवजी १० गुणांचा मॅच टायब्रेक खेळतात, ज्याला सगळे सुपर टायब्रेक म्हणतात. स्थानिक स्पर्धांत आठ गेमचा एकच सेट, चार गेमचे छोटे सेट असे प्रकारही असतात. सरावाचे सामने त्याच पद्धतीने खेळा. ॲडव्हान्टेजची सवय असलेल्या मुलीला ४०-४० वर एकच निर्णायक गुण पहिल्यांदा खेळावा लागला, की हात आखडतो.

रँकिंगचं गणितही समजून घ्या. आयटीएफच्या ज्युनियर क्रमवारीत एकेरी आणि दुहेरी एकत्र धरतात, पण दुहेरीच्या गुणांचा चौथा हिस्साच मोजला जातो. म्हणजे दुहेरीत ४० गुण मिळाले तर खात्यात १० जमा होतात. आकडा लहान वाटतो, पण पहिल्याच फेरीत एकेरी हरलेल्या मुलीसाठी त्या आठवड्याची तेवढीच कमाई असते. माझ्या मते मात्र खरी कमाई जास्तीच्या सामन्यांची आहे.

ड्रॉ निघाला की आपण कुठे आहोत ते पाहायचं. १६ जोड्यांच्या ड्रॉमध्ये चार मानांकित जोड्या असतात, पहिली सगळ्यात वर, दुसरी सगळ्यात खाली. जोड्या कमी असतील तर बाय, म्हणजे पहिली फेरी न खेळता पुढे जाणं, वरच्या मानांकनांना आधी मिळतो. समोरची जोडी कोण हे पाहा आणि जमलं तर त्यांचा एकेरीचा सामना पाच-सहा गेम बघून या. नावापुढचं मानांकन बघून मुलीला घाबरवू नका. ते बऱ्याचदा दोघींच्या एकेरीच्या क्रमवारीवरूनही ठरतं आणि त्या दोघी एकत्र कशा खेळतात, हे त्यातून कळत नाही.

२. जोडीदार निवडताना

सगळ्यात वरच्या रँकिंगची मुलगी मिळवण्यामागे पालक लागतात. मी आधी तीन गोष्टी बघेन: दुसरी सर्व्हिस कोर्टात पडते का, रिटर्न नेटजवळच्या मुलीला टाळून तिरका जातो का, आणि गुण गेल्यावर ती कुणाकडे बघते. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. चुकीनंतर लगेच बाहेर बसलेल्या वडिलांकडे बघणारी मुलगी आणि जोडीदाराकडे बघणारी मुलगी यांत फार फरक आहे.

एक जोरात मारणारी असेल तर दुसरी चेंडू परत करणारी असावी. दोघीही जोरात मारणाऱ्या असल्या की चांगल्या दिवशी सामना झटपट जिंकतात आणि वाईट दिवशी त्याहून झटपट हरतात. एक डावखुरी असेल तर ती मोठी जमेची बाजू, त्याबद्दल पुढे येईलच.

ठरवण्याआधी निदान दोन सराव सामने एकत्र खेळवा, आणि त्यातला एक त्यांच्याहून सरस जोडीविरुद्ध. जिंकताना सगळ्यांचं जमतं. १-५ मागे असताना दोघी एकमेकींशी बोलतात की नाही, ते बघायचं.

दोन्ही घरांनी काही गोष्टी आधीच स्पष्ट बोलून घ्याव्यात: कोणत्या स्पर्धांना जायचं, प्रवासात मुलींबरोबर मोठं माणूस कोण असेल, एकीला दुखापत झाली तर काय, आणि सामना चालू असताना बाहेरून कोण बोलणार. शेवटच्याचं उत्तर "कुणीच नाही" असं आलं तर उत्तम. कोचिंगचे नियम स्पर्धेनुसार बदलतात. टेनिसच्या नियमांत २०२५ पासून बाहेरून सूचना देण्याला वाव मिळाला आहे, पण ती मुभा द्यायची की नाही हे स्पर्धा भरवणारी संघटना ठरवते. विचारल्याशिवाय बोलू नका, ताकीद मुलीला मिळते.

३. बाजू ठरवा आणि मग बदलू नका

उजवं, म्हणजे ड्यूस कोर्ट कुणाचं आणि डावं, म्हणजे ॲड कोर्ट कुणाचं? दोघी उजव्या हाताने खेळणाऱ्या असतील तर ॲड कोर्टात बाहेरच्या बाजूला पडणारी सर्व्हिस बॅकहँडवर येते. म्हणून ज्या मुलीचा बॅकहँड रिटर्न भरवशाचा ती डावीकडे. शिवाय ३०-४० सारखे ब्रेकचे (समोरच्यांचा सर्व्हिस गेम जिंकून देणारे) गुण ॲड कोर्टातच खेळले जातात, तेव्हा डोकं शांत असलेली मुलगी तिथे बरी. ड्यूस कोर्टातल्या मुलीचं काम गेमची सुरुवात करून देण्याचं, पहिला गुण तिचा. तिने रिटर्न आत ठेवला तरी पुष्कळ.

डावखुरी ॲड कोर्टात ठेवली तर दोघींचे फोरहँड बाहेरच्या बाजूला येतात आणि रुंद सर्व्हिस आरामात झेलता येते, पण मधोमध दोन बॅकहँड उरतात. डावखुरी ड्यूस कोर्टात ठेवली तर दोन्ही फोरहँड मध्ये येतात. या वयात रुंद आणि वेगवान सर्व्हिस करणाऱ्या मुली थोड्याच असतात, बहुतेक चेंडू मधूनच जातात. म्हणून मी दुसरी मांडणी आधी करून बघेन.

नो-ॲडमध्ये निर्णायक गुण कोणत्या बाजूने घ्यायचा हे रिटर्न करणारी जोडी निवडते, पण त्या गुणासाठी जागांची अदलाबदल करता येत नाही. म्हणजे "ड्यूस की ॲड" या प्रश्नाचा अर्थ "रिटर्न तू घेणार की मी" असा होतो. याचं उत्तर आदल्या दिवशी ठरलेलं असावं. त्या क्षणी चर्चा सुरू झाली की समोरच्या जोडीला कळतं की या डगमगल्या आहेत.

४. तीन आठवड्यांचा सराव

कोर्टाची मापं मुलींना एकदा चालून दाखवा. एकेरीचं कोर्ट २७ फूट रुंद, दुहेरीचं ३६ फूट, म्हणजे प्रत्येक बाजूची ॲली साडेचार फुटांची. नेट खांबाजवळ साडेतीन फूट उंच आणि मध्यावर तीन फूट. बेसलाइन ते बेसलाइन सरळ अंतर ७८ फूट, तर दुहेरीच्या कोर्टाचा कर्ण जवळपास ८६ फूट. तिरका फटका खालच्या नेटवरून जातो, त्याला जागाही जास्त मिळते. ॲलीतून सरळ मारलेला फटका उंच नेटवरून आणि कमी लांबीत बसवायचा असतो, आणि वाटेत एक मुलगी रॅकेट घेऊन उभी असते. हे मुलीने स्वतः पाहिलं की "क्रॉस मार, क्रॉस मार" असं सारखं ओरडावं लागत नाही.

पहिल्या आठवड्यात फक्त सर्व्हिस आणि रिटर्न. पहिली सर्व्हिस पूर्ण ताकदीने मारण्यापेक्षा तीन चतुर्थांश वेगाने, मधल्या रेषेकडे किंवा समोरच्या मुलीच्या अंगावर टाकायची. मधून गेलेल्या सर्व्हिसला तिरकं उत्तर द्यायला कोन कमी मिळतो आणि नेटजवळच्या जोडीदाराला चेंडू अडवणं सोपं जातं. दहापैकी सात पहिल्या सर्व्हिस आत पडेपर्यंत वेग वाढवायचा नाही. रिटर्नचे लक्ष्य दोनच: खोल तिरका, किंवा नेटवरच्या मुलीच्या डोक्यावरून लॉब. ॲलीतून सरळ मारायचं ते एखाद्या वेळी, नेटवरची मुलगी मध्ये सरकायला उतावीळ झाली आहे असं दिसलं तर.

दुसरा आठवडा नेटचा. मुलींच्या ज्युनियर दुहेरीतलं सगळ्यात परिचित चित्र म्हणजे नेटजवळ उभी असलेली, ॲली राखत पुतळा झालेली मुलगी. मागे दोघीजणी पंधरा-वीस फटके तिरके मारत राहतात आणि ही नुसती बघते. ॲलीतून एखादा चेंडू गेला की घरचे रागावतात, म्हणून ती तिथून हलत नाही. तिला उलट सांगा: सामन्यात दोन-तीन वेळा ॲलीतून मार खाल्ला नाहीस तर तू पुरेशी मध्ये सरकली नाहीस. समोरची मुलगी चेंडू मारण्याच्या क्षणी हलकी उडी, म्हणजे स्प्लिट स्टेप, आणि मग तिरकं पुढे. आडवं सरकलं तर चेंडू खाली जाऊन भेटतो, तिरकं पुढे गेलं तर नेटच्या वर भेटतो. आडवा आलेला चेंडू घेतला, म्हणजे पोच केला, तर तो समोरच्या नेटवरच्या मुलीच्या पायांशी किंवा दोघींच्या मधल्या फटीत.

याच आठवड्यात ओव्हरहेडला, म्हणजे डोक्यावरून मारायच्या स्मॅशला, भरपूर वेळ द्या. बारा-चौदा वर्षांच्या मुलींची उंची अजून वाढत असते, त्यामुळे या गटात लॉब हे सगळ्यात जालीम अस्त्र आहे आणि स्मॅशचा सराव सगळ्यात कमी होतो. लॉब गेला की काय करायचं हे पाठ असायला हवं: मागची मुलगी तिरकी धावून चेंडू घेते, पुढची लगेच बाजू बदलते आणि दोन पावलं मागे येते. "स्विच" हा शब्द मागचीने ओरडायचा, कारण चेंडू कुठे पडणार हे तिला आधी दिसतं.

तिसऱ्या आठवड्यात उभं राहण्याच्या रचना. एक पुढे एक मागे ही नेहमीची. दोघी पुढे ही पुस्तकात सगळ्यात चांगली, पण ओव्हरहेड पक्का नसेल तर लॉबने उद्ध्वस्त होणारी. दोघी मागे या रचनेला लोक नावं ठेवतात. मला ती या वयात फार उपयोगी वाटते. जोडीदाराची दुसरी सर्व्हिस हळू पडत असेल आणि समोरची तिच्यावर तुटून पडत असेल, तर नेटवरच्या मुलीला तिथे उभं करणं म्हणजे तिला निशाणा बनवणं. दुसऱ्या सर्व्हिसला तिला सर्व्हिस लाइनवर किंवा थेट बेसलाइनवर घ्या. यात कमीपणा काही नाही.

तिरका रिटर्न फारच त्रास देत असेल तर ऑस्ट्रेलियन रचना, म्हणजे नेटवरची मुलगी सर्व्हिस करणारीच्याच बाजूला. सर्व्हिस करणारीचा आणि रिटर्न घेणारीचा जोडीदार आपापल्या बाजूला कुठेही उभा राहू शकतो, नियम आड येत नाही. आय फॉर्मेशन, म्हणजे नेटवरची मुलगी मधल्या रेषेवर वाकून बसते ती रचना, अजून थोडी थांबू शकते.

५. बोलणं आणि खुणा

चार शब्द पुरे: "माझा", "तुझा", "स्विच", "सोड". चेंडू आपल्याकडे येत असतानाच बोलायचं. समोरची मुलगी मारण्याच्या बेतात असताना मोठ्याने ओरडलं तर तो अडथळा धरला जाऊन गुण जाऊ शकतो.

मधल्या चेंडूचा एकच नियम ठरवा. फोरहँडवाली घेते, असा ठेवा किंवा ज्या बाजूने चेंडू तिरका येतोय त्या बाजूची घेते, असा. कोणता ठेवता याला फार महत्त्व नाही, एकच असण्याला आहे. दोघी एकदम गेल्या आणि रॅकेटवर रॅकेट आदळली तरी चेंडूला एकीचीच रॅकेट लागली असेल तर फटका वैध. चेंडू दोघींना लागला तर गुण गेला.

सर्व्हिसच्या आधी नेटवरची मुलगी पाठीमागे हाताने खूण करते: बंद मूठ म्हणजे जागेवर, उघडा पंजा म्हणजे सरकणार. सर्व्हिस करणारीने "हो" म्हणायचं. खूण एकदा दिली की मन बदलायचं नाही. ती सरकली आणि दुसरीने जागा भरली नाही तर अर्धं कोर्ट रिकामं पडतं.

दोन गुणांमध्ये २५ सेकंद असतात. त्यात दोघी जवळ येतात, हाताला हात लावतात, पुढच्या गुणाबद्दल एक वाक्य बोलतात. गेलेल्या गुणाबद्दल नाही. आणि "सॉरी" हा शब्द बंद करा. मुली प्रत्येक चुकीनंतर जोडीदाराला सॉरी म्हणतात, चौथ्या सॉरीनंतर दोघींनाही वाटू लागतं की आपण काही गुन्हा करतोय. त्याऐवजी "पुढचा टी-वर" (टी म्हणजे सर्व्हिस लाइन आणि मधली रेषा मिळतात ती जागा) किंवा "लॉब टाकते" असं काहीतरी कामाचं बोलावं.

६. सामन्याचा दिवस

ऑर्डर ऑफ प्ले, म्हणजे सामन्यांचा क्रम, आदल्या संध्याकाळी लागतो. "नॉट बिफोर" लिहिलं असेल तर त्याआधी सामना सुरू होणार नाही. "फॉलोड बाय" असेल तर आधीचा सामना कधीही संपू शकतो, अगदी वॉकओव्हरनेही. मुलगी जवळपास आणि बूट घातलेली हवी. दुहेरी सहसा एकेरीनंतर असते. मधल्या वेळात ओले कपडे बदलणं, पाणी, थोडं हलकं खाणं आणि पाय वर करून बसणं. एकेरी हरलेल्या मुलीला त्या सामन्याचं पोस्टमॉर्टेम या वेळात ऐकवू नका, रात्री बोला.

बॅगेत दोन रॅकेट, जास्तीचे मोजे, टोपी, सनस्क्रीन, टॉवेल, पट्टी. स्कर्टच्या आतली शॉर्ट्स चेंडू ठेवता येईल अशी आहे का, ते सरावात बघा, दुसरा चेंडू कुठे ठेवायचा हा गोंधळ सर्व्हिसची लय घालवतो. मासिक पाळी सुरू झालेल्या मुलींच्या बॅगेत पॅड आणि गडद रंगाचे बदली कपडे कायम असू द्या, तारीख जवळ नसली तरी. स्वच्छतागृह कुठे आहे आणि सामन्यात किती वेळा, केव्हा जाता येतं, हे रेफरीला आधी विचारून ठेवा. हा प्रश्न मुलीला संकोच न वाटता विचारता आला पाहिजे, नाहीतर ती अर्धा सामना अवघडून खेळते. संध्याकाळी उशिरा संपणाऱ्या सामन्यानंतर मुली एकट्या परतणार नाहीत आणि कपडे बदलायच्या खोलीपाशी ओळखीची मोठी बाई असेल, हे कुणाची तरी ठरलेली जबाबदारी हवी.

७. नाणेफेक, ऊन आणि सर्व्हिसचा क्रम

नाणेफेक जिंकली की तीन पर्याय: सर्व्हिस किंवा रिटर्न निवडणं, बाजू निवडणं, किंवा निवड समोरच्यांवर सोडणं. लहान गटात सर्व्हिस वारंवार ब्रेक होतात, तिथे आधी रिटर्न घेण्यात शहाणपण आहे. समोरची मुलगी अजून अवघडलेली असते.

आता एक गोष्ट, जी बऱ्याच कोचच्याही लक्षात आलेली नसते. दुहेरीत एका सेटमध्ये प्रत्येक मुलगी आपली सर्व्हिस नेहमी एकाच टोकाकडून करते. पहिल्या गेमला सर्व्हिस करणारी पाचव्या आणि नवव्या गेमला पुन्हा करते, बाजू पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या गेमनंतर बदलते, आणि हिशेब करून पाहिलं तर ती दर वेळी त्याच टोकाला येते. तिची जोडीदार दर वेळी समोरच्या टोकाला. म्हणजे एका टोकाकडून सर्व्हिस करताना डोळ्यांवर ऊन येत असेल, तर कुणाच्या डोळ्यांवर येणार हे तुम्ही निवडू शकता. उजव्या आणि डाव्या हाताच्या मुली चेंडू वेगवेगळ्या दिशेला उडवतात, त्यामुळे एकीला त्रास देणारा सूर्य दुसरीला जाणवतही नाही. वाऱ्याचंही तेच, ज्या मुलीची सर्व्हिस हळू तिला वारा पाठीशी मिळेल असं बघा. टायब्रेकमध्ये दर सहा गुणांनी बाजू बदलते, तिथे हा हिशेब लागू नाही.

जोराची सर्व्हिस असलेली मुलगी आधी, हा सर्वसाधारण नियम ठीकच. पण ऊन कडक असेल तर मी आधी सूर्य बघेन. प्रत्येक नव्या सेटला सर्व्हिसचा क्रम आणि रिटर्नची बाजू, दोन्ही बदलता येतात. १-६ हरलेल्या जोड्यांनाही हे आठवत नाही.

८. सामन्यात

बऱ्याच ज्युनियर सामन्यांना खुर्चीतला पंच नसतो. सर्व्हिस करणारीने प्रत्येक गुणाआधी स्कोअर मोठ्याने सांगायचा, मग नंतर वाद होत नाहीत. आपल्या बाजूच्या रेषा आपण बघायच्या. रेषा आणि चेंडू यांच्यात फट स्पष्ट दिसली तरच "आउट". शंका असेल तर चेंडू आत. जोडीदारांपैकी एकीला आत आणि दुसरीला बाहेर दिसला तर तोही समोरच्यांना द्यायचा. समोरची जोडी सतत चुकीचे कॉल देत असेल तर भांडू नये, गुण संपल्यावर रेफरीला बोलवावं. मुलींना हे करायला लाज वाटते, म्हणून सरावात एकदा नाटक करून घ्या.

सर्व्हिस चुकीच्या मुलीने केली तर? लक्षात आलं की लगेच योग्य मुलीकडे सर्व्हिस जाते, झालेले गुण तसेच राहतात. पूर्ण गेम झाल्यावर लक्षात आलं तर बदललेला क्रमच सेट संपेपर्यंत चालतो. रिटर्नच्या बाजू चुकल्या तर तो गेम तसाच पूर्ण करायचा आणि आपल्या पुढच्या रिटर्न गेमपासून मूळ जागा घ्यायच्या. सर्व्हिसचा चेंडू आपल्याच जोडीदाराला लागला तर फॉल्ट. थेट रिटर्न घेणारीच्या जोडीदाराला, टप्पा पडण्याआधी लागला तर गुण सर्व्हिस करणाऱ्यांचा.

बाजू बदलताना ९० सेकंद मिळतात (सेटच्या पहिल्या गेमनंतर बसायचं नसतं). पाणी पिऊन झालं की दोनच प्रश्न: आपले गुण कशावर येतायत, जातायत कशावर? नेटवरच्या मुलीला पोच जमत नसेल तर तिला मागे घ्या. समोरच्या दोघींपैकी एकीचा बॅकहँड ढिला असेल तर सरळ तिच्यावर खेळा. याला दुष्टपणा म्हणणारे पालक भेटतात, पण चेंडू कुठे मारायचा हे ठरवणं हाच खेळ आहे. जवळून अंगावर बसला तर हात वर करून माफी मागायची, इथे सॉरी चालतं.

९. सुपर टायब्रेक

एकेक सेट झाला की १२० सेकंदांची विश्रांती मिळते. तिचा उपयोग करा, कारण नव्या सेटप्रमाणे इथेही जोडीतला सर्व्हिसचा क्रम आणि रिटर्नच्या बाजू बदलायची मुभा आहे. १० गुण आधी आणि किमान दोनचा फरक. पहिला गुण एक मुलगी सर्व्हिस करते, मग समोरची दोन, मग पहिलीची जोडीदार दोन, मग समोरची दुसरी दोन. दर सहा गुणांनी बाजू बदल, मध्ये बसणं नाही.

इथे घाई जीवघेणी ठरते. ०-४ झालं की मुली विनर मारायला जातात. चार गुणांची पिछाडी दोन सर्व्हिस फेऱ्यांत भरून निघते, त्यासाठी चेंडू आत राहिला पाहिजे. पहिली सर्व्हिस आत, रिटर्न तिरका आणि खोल, शंका आली की लॉब. नवं काही करून बघायची ही वेळ नाही. पोचची खूण मात्र एकदा तरी द्या, साधारण ५-५ च्या आसपास, कारण तेव्हा समोरची मुलगीही सुरक्षित तिरकाच मारणार असते.

१०. सामना संपल्यावर

हात मिळवा, स्कोअर रेफरीला कळवा, पुढच्या सामन्याची वेळ विचारा. जिंकल्या तर चेंडू कुणी परत करायचे हेही. वहीत जोडीच्या नावाने चार ओळी लिहा: पहिल्या सर्व्हिस किती आत पडल्या, पोच किती वेळा केला, लॉबवर किती गुण गेले, निर्णायक गुण कोणत्या बाजूने घेतले. एका सामन्यावरून जोडी मोडू नका. निदान तीन-चार स्पर्धा एकत्र खेळू द्या, आणि मोडायचीच झाली तर मुलींनी एकमेकींना समोरासमोर सांगावं, पालकांच्या फोनवरून नाही. पुढच्या स्पर्धेच्या नावनोंदणीची आणि नाव मागे घेण्याची शेवटची तारीख दोन्ही घरांनी त्याच दिवशी लिहून घ्यावी, कारण दुहेरीत एकीने माघार घेतली की दुसरीही बाहेर पडते.